मोगऱ्याला नुसती पानं येतात, कळ्या नाहीत. छाटणी कधी करावी?

जानेवारीच्या शेवटी छाटा, निम्म्यापर्यंत, हात आखडता न घेता. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्यावरच धरते. जुनी फांदी पानांवरच थांबते. छाटण्याआधी दोन-तीन आठवडे पाणी कमी करून झाडाला ताण द्या, फुलशेतीतही हेच करतात. मग वाळक्या काड्या काढा, उरलेली पानं खुडा, माती उकरून दोन मुठी कुजलेलं शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या. युरिया नकोच, त्यानं पानंच माजतात. मार्च-एप्रिलात कळ्या दिसतील आणि प्रत्येक बहरानंतर शेंडे खुडलेत तर पावसाळ्यापर्यंत फुलं मिळत राहतील. मात्र कुंडीतली माती लवकर सुकते, म्हणून तिथं पाणी पूर्ण तोडू नका; आणि रोज पाच-सहा तास ऊन नसेल तर छाटूनही फारसं हाती लागत नाही.