कोल्हापुरातल्या लहान मशीन शॉपला भारत डायनॅमिक्सचं, म्हणजे क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या हैदराबादच्या सरकारी कंपनीचं, काम मिळेल का? त्यासाठी फाइव्ह ॲक्सिस, म्हणजे पाच अक्षांवर चालणारं महागडं मशीन, घ्यावं का?

मिळेल. पण फाइव्ह ॲक्सिस राहू द्या, आधी मोजायची खोली बांधा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत हे बोललं की उत्तर ठरलेलं: "मशीन आलं की काम येतंय भावा." हप्ता येतो, काम नाही.

एका शॉपमधला लॉट कसा परत आला ते सांगतो. ॲल्युमिनियमची रिंग, बोअर (आतलं भोक) २०० मिमी, एच७, भिंत ४ मिमी. एच७ म्हणजे या मापाला ४६ मायक्रॉनची (मिमीचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) मुभा. मे महिन्यातली दुपार, शेडमध्ये ३५ अंश. रिंग चकातून, म्हणजे मशीनच्या पकडीतून, काढली, तिथंच बोअर गेज घातला, ओके. ड्रॉइंगवरचं माप मात्र २० अंशांचं असतं. १५ अंशांत २०० मिमी ॲल्युमिनियम ६९ मायक्रॉन वाढतं. गेज ज्या स्टीलच्या मास्टर रिंगवर (अचूक मापाची नमुना रिंग) सेट केला तीही तापलेली, ती साधारण ३५ वाढते. म्हणजे अर्धी चूक झाकली जाते आणि उरलेली अर्धी हैदराबादच्या थंडगार तपासणी खोलीत उघडी पडते. ऑपरेटरने बरोबर मध्यावर ठेवलेला बोअर तिथं लहान निघाला.

त्यात भर चकाची. चकाच्या तीन जॉनी (जबड्यांनी) आवळलेली पातळ रिंग सोडली की बोअर तिकोनी होतो, आणि दोन टोकी गेज कुठंही फिरवा, तो सगळीकडं सारखंच माप दाखवतो. तीन टोकी गेज किंवा सीएमएम (बिंदू-बिंदू टेकवून मोजणारं मशीन) लागतं. रफिंगला (पहिल्या जाड कापाला) १ मिमी माल शिल्लक ठेवा, जॉ सैल करून रिंगला मोकळं होऊ द्या, मग पूर्ण वेढा घेणाऱ्या सॉफ्ट (मऊ धातूच्या) जॉमध्ये हलकं धरून फिनिश करा. तोंडावरून दाबणारं फिक्स्चर केलंत तर उत्तमच.

याहून जास्त माल कागदावर मरतो. बारचा तुकडा कापला की उरलेल्या भागावर लगेच हीट नंबर (मिलमधल्या ज्या वितळीतून तो बार आला तिचा नंबर) पंच करा. नंबर नसेल तर मिलचं सर्टिफिकेट फाइलीत असूनही उपयोग शून्य.

उद्यम नोंदणी, व्हेंडर नोंदणी करून ठेवा. टेंडरच्या बयाणा रकमेत सूट मिळते. तरी सुरुवात भारत डायनॅमिक्सच्या मोठ्या व्हेंडरकडच्या जॉबवर्कनेच करा. हे सगळं मशीनिंगपुरतं हं. फाउंड्रीवाल्यांचं (ओतकामवाल्यांचं) एक्स-रे तपासणीचं दुखणं निराळं.

आणि मोजायच्या खोलीचा एसी रात्री वीजबिलासाठी बंद करू नका. पार्ट आणि मास्टर रिंग रात्रभर शेजारी ठेवून सकाळी मोजायची असते.