डॉक ‘वाहतो’ की ‘फिरतो’?

प्रश्न आलाय तो असा: स्पेसी या मजकूर-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरवरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘डॉक ऑब्जेक्ट पाइपलाइनच्या घटकांमधून वाहतो’ हे वाक्य बरोबर आहे का? (पाइपलाइन म्हणजे मजकुरावर एकामागून एक काम करणाऱ्या घटकांची साखळी; डॉक म्हणजे मजकूर आणि त्यावरच्या नोंदी एकत्र ठेवणारी वस्तू.)

व्याकरणाने बरोबर आहे, पण मी ‘फिरतो’ लिहीन.

‘वाहतो’ युनिक्स या संगणक-प्रणालीतल्या, प्रोग्रॅम एकमेकांना जोडणाऱ्या पाइपला शोभतं. एका प्रोग्रॅममधून निघालेला मजकूर दुसऱ्यात शिरतो आणि बदलून तिसऱ्याकडे जातो. संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांनी १९६४ सालच्या टिपणात प्रोग्रॅम जोडण्यासाठी बागेतल्या पाण्याच्या नळीचीच उपमा दिली होती; १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आले.

स्पेसीत असं काही वाहत नाही. टोकनायझर मजकुराचे तुकडे पाडून डॉक तयार करतो. पुढचा प्रत्येक घटक तोच डॉक हातात घेतो, त्यावर आपली नोंद करतो आणि पुढच्याकडे देतो. मूळ मजकूर, अगदी शब्दांमधल्या मोकळ्या जागांसकट, शाबूत राहतो. कचेरीत अर्ज एकाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर जातो, शेरे वाढत जातात, अर्ज तोच असतो. त्याला आपण ‘फाइल फिरते’ म्हणतो, तेच हे.

आधीचा शेरा पुढच्याला लागतोही. ‘काढा गाळून घ्या’ आणि ‘चष्मा काढा’ ही दोन वाक्यं घ्या. ‘काढा’चं मूळ रूप शोधणाऱ्या घटकासमोर दोन्हीकडे अक्षरं तीच आहेत. पहिल्या वाक्यात ‘नाम’ असा शेरा आधीच पडला असेल तर मूळ रूप ‘काढा’च, दुसऱ्यात ‘क्रियापद’ असेल तर ‘काढणे’. शेरा नसेल तर त्याने ठरवायचं कशावरून? स्पेसीतला नियमांवर चालणारा लेमटायझर, म्हणजे हाच मूळ रूप शोधणारा घटक, शब्दाची जात आधी ठरलेली असावी म्हणतो, तो यासाठीच.

आता ‘वाहणे’ अगदीच टाकून देऊ नका. पाणी वाहतं तसं ओझंही आपण वाहतो. दोन्ही अर्थ संस्कृत ‘वह्’पासून आलेले. त्या दुसऱ्या अर्थाने डॉक खरोखर वाहतो, सगळ्यांच्या नोंदी! मला हा अर्थ फार आवडतो, पण ‘घटकांमधून’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे पाणीच येतं.

‘पाइपलाइन’ मात्र तशीच ठेवा. ‘वाहिनी’ म्हटलं की टीव्ही आठवतो. वाक्य असं करता येईल: ‘डॉक पाइपलाइनमधल्या एकेका घटकाकडे फिरतो आणि प्रत्येकाची नोंद सोबत घेऊन पुढे जातो.’