नेहमीचेच किती होते?

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. लेन्ससाठी हप्ते काढावेत का, पक्षी बघणाऱ्या ग्रुपमधले सगळे एका नजरेत ओळखतात आणि तुला चिखलातले ते बारके करडे पक्षी अजून एकसारखेच दिसतात, त्यावरून तो मुलगा हसला, सगळं कळलं. पण माझी झोप उडाली ती एका साध्या वाक्याने. ‘काका, नवी मुंबईत चाणक्यच्या तळ्यावर तीन तास उभी होते, काहीच मिळालं नाही, नुसते नेहमीचेच होते.’

नेहमीचेच किती होते?

लेन्सचं आधी उरकतो. घेऊ नकोस. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण आहे ना तुझ्याकडे, ती पुरते. तू पाठवलेल्या फोटोतला तो पक्षी कर्ल्यू सँडपायपर आहे: चोच खाली वळलेली, उडाला की कंबर पांढरी दिसते. दोन हिवाळे चिखलाकडे बघत बसलीस की नावं आपसूक जिभेवर येतील, त्याची मला काळजी नाही. काळजी वाटते ती तुझ्या नोंदीची. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरची तुझी यादी उघडून बघितली. २७ जाती, आणि त्यातल्या १९ जातींपुढे आकड्याच्या जागी एक्स. कुरव (सीगल), एक्स. शेकाट्या, एक्स. रोहित (फ्लेमिंगो), एक्स. एक्स म्हणजे ‘होते’. होते एवढंच सांगायला तीन तास उन्हात उभं राहावं लागत नाही, बाळ.

रागावू नकोस. हीच चूक मी तुझ्यापेक्षा फार मोठी केली आहे.

माझ्याकडे वीस वर्षांच्या जुन्या वह्या आहेत. दुर्मीळ पक्षी लाल शाईत: तारीख, वेळ, वारा, पिसांचा रंग, सोबत कोण होतं. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एकच शब्द, ‘नेहमीचे’. उरणच्या बाजूला एक पाणथळ होती. भरतीने खाडीतला चिखल बुडाला की चिखलात चरणारे पक्षी तिथे येऊन टेकायचे, एका पायावर उभे राहायचे, ओहोटीची वाट बघायचे. ती जागा भरायचं ठरलं तेव्हा आम्ही पाच-सहा जण वह्या घेऊन बैठकीला गेलो. समोरच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बरं, साधारण किती पक्षी असतात?’ मी म्हणालो, ‘हजारो.’ ‘कुठल्या महिन्यात किती? मागच्या वर्षीपेक्षा कमी की जास्त?’ माझ्या हातात होता लाल शाईतला एक पाहुणा, जो वीस वर्षांत एकदाच आला होता. तो त्यांनी लिहून घेतला. बाकी काही लिहून घेण्यासारखं मी त्यांना दिलंच नाही. त्या पावसाळ्याआधी मुरुमाच्या गाड्या सुरू झाल्या.

आकडे असते तर जागा वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण मला विचारलं होतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून सांगतो, आकडा लिही. पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या कसोट्या वाच एकदा. त्यातल्या पक्ष्यांसाठीच्या दोन निव्वळ आकड्यांच्या आहेत: त्या जागी नेहमी २०,००० किंवा त्याहून जास्त पाणपक्षी हवेत, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का तरी पक्षी हवेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठाणे खाडीला रामसरचा दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. अशा कसोट्या दुर्मीळ पाहुण्याने भरत नाहीत. त्या भरतात तुझ्या एक्सवाल्यांनी. १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते, ती याचसाठी. आणि जानेवारीतली एक गणना पुरत नाही. शिवडीला अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला उघडला. पुलाने पक्षी हटले की नाही यावर प्रत्येकाचं मत आहे. मताला काही लागत नाही. उत्तर तोच देऊ शकतो, ज्याने पुलाचा पहिला खांब उभा राहण्याआधी तिथे उभं राहून पक्षी मोजले.

आता मोजायचं कसं. दहा मोज. त्या दहांनी चिखलाची किती जागा अडवली ती डोळ्यांत धर, आणि तेवढाच तुकडा थव्यावरून सरकवत ने. शंभर झाले की बोट मिटायचं. थवा मधेच उडाला तर जमेल तेवढं लिहून पुढे ‘अंदाजे’ लिही. काहीच नसेल तर शून्य लिही. शून्य लिहायचा कंटाळा कधी करू नकोस. माझ्या वह्यांत तीच पानं कोरी आहेत, आणि त्या दिवशी पक्षी नव्हते की मी गेलोच नव्हतो, हे आता मलाही सांगता येत नाही.

नेहमीचे कंटाळवाणे वाटतात ना? भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याची लाँच पकड आणि मागच्या बाजूला बस. लोक गाठ्या फेकतात, कुरव हातभर अंतरावर येतात (तू फेकू नकोस). शिवरात्रीला थंडी शिव शिव करत निघून जाते म्हणतात, नेमक्या त्याच दिवसांत त्यांची डोकी बघ. डिसेंबरात डोकं पांढरं असतं, कानाशी एक काळसर डाग. फेब्रुवारी सरता सरता तो डाग पसरायला लागतो, ठिगळाठिगळाने, पांढऱ्या कापडाला चहा लागावा तसा. फिक्कट डोळा त्या तपकिरीत एकदम उठून दिसतो. मार्चमध्ये एकाची टोपी पुरी झालेली असते आणि शेजारच्याची जेमतेम सुरू. त्यांना तिबेटच्या, मध्य आशियाच्या उंच तळ्यांवर जायचंय, त्याची ही तयारी. शंभर कुरव मोज आणि त्यात टोपीवाले किती ते लिही. पंधरा दिवसांनी पुन्हा. मग मला सांग, काही खास दिसलं की नाही.

हेच दिवस त्यांच्या खाण्याचेही आहेत. तुझा कर्ल्यू सँडपायपर सैबेरियाच्या टोकाला, आर्क्टिकच्या काठावर घरटं करतो. आत्ता अंगावर चढवलेली चरबी हीच त्याची शिदोरी. उडतानाचा फोटो हवा म्हणून टेकलेला थवा उठवणारा त्या शिदोरीतला घास काढून घेतो. तुझ्या ग्रुपने त्या दिवशी टाळ्या वाजवल्या, हे तू पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंस. ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंस. असाच एक ग्रुप मी याच कारणावरून सोडला. मी फार टोकाला गेलो असं तिथले मित्र अजून म्हणतात. गेलो असेन. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा जाईन.

त्या बैठकीनंतर मी जागा बदलली नाही. मोऱ्याचा धक्का, महिन्यातून दोन वेळा, पाणी चढत असताना. दुसरीकडे कुठे नवलाचा पक्षी आल्याचे फोन येतात, मी जात नाही. पुतणीच्या साखरपुड्याला उशिरा पोचलो, कारण त्या दिवशी माझी पाळी होती. तुझी काकू ते अजून बोलून दाखवते, आणि तिचं चुकत नाही. पण एक खाडा पडला की दुसरा पडायला निमित्त लागत नाही, हे मला माझ्याच वह्यांनी शिकवलंय. तू म्हणशील काका स्वतःचंच सांगत बसले. सांगतोय खरा. वीस वर्षं वाया गेलेला माणूस दुसरं काय सांगणार?

भरतीचं गणित मला मोऱ्याच्या एका तांडेलाने शिकवलं: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. अष्टमीला भरती सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता. उधाणाच्या ओहोटीला गाळ उघडा पडतो आणि लाँच बंद राहते, म्हणून निघण्याआधी कॅलेंडरवर तिथी बघून घे.

फाल्गुन शुद्ध चतुर्थीला मी जाणार आहे. भरती तीनच्या सुमारास. साडेबाराला भाऊच्या धक्क्यावर तिकीट खिडकीपाशी ये. टोपी आण, पाणी आण, पेन्सिल आण, वही मी देतो. डाव्या हाताचा चिखल तुझा, उजव्या हाताचा माझा. शेवटी बेरीज करू.

तुझा,
काका