गाडीचं विचारा : काचेवर पाणी उडत नाही

प्रश्न : सहा वर्षं वापरलेली हॅचबॅक आहे. वॉशरसाठी वायपरची दांडी ओढली की मोटरचा आवाज येतो, वायपरही फिरतात, पण काचेवर पाण्याचा थेंब पडत नाही. टाकी भरलेली आहे. गॅरेजमध्ये पंप बदलायला सांगितलाय. बदलू का?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : पंप इतक्यात विकत घेऊ नका. आवाज येतोय म्हणजे मोटरला वीज मिळतेय. फ्यूज, स्विच आणि वायर ठीक आहेत. पाणी वाटेत कुठेतरी अडलंय किंवा सांडतंय. ही वाट काही लांब नाही : टाकी, टाकीच्या तळाशी ग्रोमेटमध्ये, म्हणजे भोकातल्या रबरी कड्यात दाबून बसवलेला पंप, तिथून निघालेली बारीक नळी, बॉनेटजवळचा ‘टी’ किंवा ‘वाय’ जोड आणि शेवटी जेट, म्हणजे काचेवर पाणी उडवणारं बारीक भोकाचं तोंड. तपासणी मात्र उलट्या टोकाकडून, म्हणजे जेटकडून टाकीकडे करायची.

बॉनेट उघडा. जोडाला पंपाकडून येणारी नळी हळूहळू पिळत काढा. नळी ताठरली असेल तर तिच्यावर थोडं गरम पाणी ओता. सरळ हिसका दिला तर जोडाचं प्लास्टिकचं टोक मोडतं आणि पाच मिनिटांचं काम दिवसभराचं होतं. नळीचं तोंड रिकाम्या बाटलीत धरा. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी चावी ऑन करायला आणि दांडी दोन-तीन सेकंद ओढायला सांगा. ओढली की वायपर फिरणारच, तेव्हा काच आधी ओली करून ठेवा. धुळीच्या कोरड्या काचेवर वायपर घासला की ओरखडे पडतात.

बाटलीत जोरात धार आली तर दोष जेटमध्ये आहे. आपल्याकडे जेट चोंदतात ते बहुतेक क्षारांमुळे. बॉनेट तापतं, जेटच्या तोंडाशी राहिलेला थेंब वाळतो आणि त्यातला पांढरा क्षार भोकात चिकटून बसतो. असं रोज थोडंथोडं साचत जातं. जेट गोळीचा असेल, म्हणजे त्यातून एक-दोन सरळ धारा निघत असतील, तर बारीक शिवणाची सुई भोकात सरळ घालून हलकेच फिरवा. जोर लावू नका. भोक मोठं झालं की धारेचा जोर कायमचा जातो आणि सुईचं टोक आत मोडलं तर जेटच बदलावा लागतो. पंख्यासारखा पसरट फवारा देणाऱ्या जेटमध्ये सुई अजिबात घालू नका. त्याच्या आत पाणी खेळवणाऱ्या नाजूक खाचा असतात, त्या खरवडल्या की फवाऱ्याचा आकार बिघडतो.

सुईने भागलं नाही तर बॉनेटच्या आतून जेटच्या क्लिपा दाबून जेट बाहेर काढा. घरातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून ठेवा. बुडबुडे दिसले तर क्षार विरघळतोय असं समजा. मग नळीच्या बाजूने नव्हे, तर भोकाच्या बाजूने हवा किंवा पाणी मारा. कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत गेला पाहिजे, पुढे ढकलला तर आणखी घट्ट बसतो. कॉम्प्रेसरची हवा नळीतून टाकीकडे मारायची असेल तर नळी पंपावरून आधी सोडवा, नाहीतर त्या दाबाने पंपाचं सील जातं.

बाटलीत पाणी आलंच नाही किंवा नुसतं ठिबकलं, तर मागे जा. आधी नळी हाताने चाचपत टाकीपर्यंत जा. बॉनेटच्या बिजागरीजवळ ती मुडपलेली असते. उंदराने कुरतडलेली असेल तर दांडी ओढल्यावर गाडीखाली ओल दिसते. कुरतडलेला तुकडा कापून तेवढ्याच जाडीच्या जोडनळीने सांधा. चिकटपट्टी पंपाच्या दाबापुढे टिकत नाही. वाटेत एखादा छोटा एकेरी व्हॉल्व्ह असू शकतो. त्याच्यावरचा बाण जेटकडे हवा. तो उलटा बसला तर पाणी पुढे जात नाही आणि निकामी झाला तर दांडी ओढल्यावर पाणी यायला तीन-चार सेकंद लागतात, कारण दर वेळी नळी पहिल्यापासून भरावी लागते.

नळी शाबूत असेल तर पंपाची जाळी बघा. बऱ्याच गाड्यांत टाकी पुढच्या चाकाच्या कमानीत, आतल्या प्लास्टिकच्या आवरणामागे असते. स्टेअरिंग पूर्ण वळवून आवरणाच्या क्लिपा काढल्या की हात पोचतो. खाली बादली ठेवा, कारण पंप निघाला की दोन-चार लिटर पाणी भसकन येतं. पंप आधी वर आणि मग बाहेर ओढायचा. ग्रोमेटमधल्या किंवा पंपाच्या तोंडावरच्या बारीक जाळीवर हिरवट, बुळबुळीत थर सापडला तर तेच दुखणं. जाळी जुन्या दातांच्या ब्रशने धुवा, टाकी कोमट पाण्याने दोन-तीनदा खळबळून काढा. जाळी फेकून देऊ नका, नाहीतर तोच गाळ पुढच्या महिन्यात जेटमध्ये जाईल. ग्रोमेट बसवताना साधं पाणी लावा. तेल-ग्रीसने रबर फुगतं आणि मग तिथून गळतं.

एवढं करूनही, पंप बादलीतल्या पाण्यात धरून चालवल्यावर धार देत नसेल, तर आतला पंखा गेला. तेव्हा पंप बदला.

प्रश्न : आमच्या गाडीत दांडी ओढली तरी काहीच आवाज नाही. वायपर मात्र चालतात.
– एक वाचक, सातपूर

उत्तर : फ्यूजपासून सुरुवात करा. कोणता फ्यूज ते डब्याच्या झाकणावरच्या नकाशात सापडेल. तार वितळलेली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घाला. तोही लगेच उडाला तर मोठा घालू नका आणि तांब्याची तार तर मुळीच नको. पंप जाम झालाय किंवा वायर कुठे तरी बॉडीला टेकतेय, असा त्याचा अर्थ आहे.

फ्यूज चांगला असेल तर पंपाचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिनांवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा, चावी ऑन करून दांडी ओढायला सांगा. १२ व्होल्टच्या आसपास आकडा आला आणि पंप गप्पच, तर पंप मेला. आकडा आला नाही तर दोष दांडीच्या स्विचमध्ये, वायरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. हे काम वायरमनकडेच द्या. टाकी पावसाच्या चिखलाच्या माऱ्यात असते, त्यामुळे कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. नुसता गंज साफ करूनही कधी कधी पंप जिवंत होतो, म्हणून नवा पंप आणण्याआधी एकदा पिना नीट बघा.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्याने जेट सारखे चोंदतात. द्राक्षबागेत ठिबकला ॲसिड ट्रीटमेंट देतो, तेच ॲसिड पातळ करून टाकीत घालू का? आणि एरवी कोणतं पाणी भरावं?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : ड्रिपर आणि जेट चोंदतात ते एकाच कारणाने, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. बेसॉल्टच्या खडकातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पण ठिबकचं ॲसिड गाडीत घालू नका. ते पंपाच्या धातूच्या भागांना खातं आणि जेटमधून उडून बॉनेटच्या रंगावर, काचेच्या रबरावर पडतं. या कामाला व्हिनेगर पुरेसं आहे, तेही जेट काढून बाहेर. शेवाळासाठी ब्लीच वापरायचं मनात असेल तर व्हिनेगरशी त्याची गाठ पडू देऊ नका, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो.

टाकीत डिस्टिल्ड पाणी सगळ्यांत उत्तम. ते नसेल तर नाशिक शहरात गंगापूर धरणाचं नळाचं पाणी बोअरपेक्षा बरंच सौम्य असतं. बोअरचंच वापरायचं झालं तर उकळून, रात्रभर निवू द्या आणि वरचं पाणी कापडातून गाळून घ्या. पातेल्याच्या तळाला बसणारा पांढरा थर म्हणजे तुमच्या जेटमध्ये जाणार होता तो क्षार. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही क्षारमुक्त असतं, फक्त कॉइलची धूळ गाळून काढा. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात.

पाण्यात वॉशर फ्लुइड डबीवर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. भांड्यांच्या साबणाने फेस होतो, काचेवर पट्टे उमटतात. शाम्पूचंही तेच. आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, चुकूनही ओतू नका. ते चिकट असतं, काचेवर तेलकट थर धरतं आणि विषारीही आहे. बॉनेटखाली दोन्ही टाक्या जवळजवळ असू शकतात, झाकणावरची खूण बघूनच ओता.

प्रश्न : फवारा उडतो, पण थेट छतावर जातो.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : गोळीच्या जेटच्या भोकात टाचणी घालून गोळी किंचित खाली वळवा. उभ्या गाडीत धार, वायपर काचेचा जो पट्टा पुसतो त्याच्या मध्याच्या जरा वर पडायला हवी. हायवेच्या वेगात वारा तिला खाली दाबतो, म्हणून अगदी खाली लावू नका. कसारा घाटात ट्रकच्या चाकांचा चिखल काचेवर आला की ती धार बरोबर डोळ्यांसमोर पडायला हवी. पसरट जेटना अशी गोळी नसते. त्यांना स्क्रू असेल तरच फिरवा.

प्रश्न : पुढचा फवारा छान आहे, मागच्या काचेवर पाणी नाही.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : बऱ्याच हॅचबॅकमध्ये एकच पंप दोन्हीकडे पाणी देतो. मोटर उलटी फिरली की मागे जातं. पुढचं चालतंय म्हणजे पंप ठीक. डिकीचं दार आणि छत यांच्यामध्ये रबरी भाता असतो, त्याच्या आत नळी सुटलेली सापडते. छताचं अस्तर किंवा मागच्या सीटखालचा गालिचा ओला आहे का ते आधी बघा. ओला असेल तर मागचा वॉशर दुरुस्तीपर्यंत वापरू नका, कारण ते पाणी वायरिंगपर्यंत पोचू शकतं. भाता एका बाजूने सोडवून नळी परत खोचा, क्लिप नसेल तर बारीक झिपटायने (प्लास्टिकच्या आवळपट्टीने) आवळा, आणि डिकी चार-पाच वेळा उघडून-मिटून नळी ताणली जात नाही ना ते पाहा.