एमएस तर नसांचा आजार, मग हाडं काहून मधात आली?

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीला, वय ३४, दोन वर्षांपासून एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. आधी एक डोळा धूसर झाला, मग पायात मुंग्या. आता नात्यातले एक काका म्हणतात, याचं मूळ हाडाच्या मगजात आहे, बोन मॅरो बदलून टाका. खरं आहे का हे?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : काका अर्धं बरोबर बोलले, पण त्या अर्ध्यावर घाई करू नका. नुकसान होतं ते मेंदू, मणक्यातल्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणाचं, पण ते करणाऱ्या पांढऱ्या पेशी जन्माला येतात बोन मॅरोमध्येच. बी पेशी तिथेच तयार होतात, टी पेशी तिथून निघून छातीतल्या थायमस ग्रंथीत शिकतात, आणि एमएसमध्ये यातल्याच काही आपल्याच मायलिनला शत्रू समजतात.

२०२२ मध्ये 'सेल' या जर्नलमध्ये जे संशोधन आलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यात दिसलं की मायलिनवर उठलेल्या टी पेशी परत बोन मॅरोत जातात, तिथे सीसीएल५ नावाच्या रसायनाच्या मदतीने मूळ पेशींना (म्हणजे स्टेमसेल, ज्यांच्यापासून रक्तातल्या पेशी बनतात) जास्त मायलॉइड पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, बनवायला लावतात, आणि मग तीच जादा फौज मेंदूकडे निघते. म्हणजे मॅरो "खराब" नसतो हो, त्याला चुकीची ऑर्डर मिळत असते.

आता बदलण्याचं. यात दुसऱ्याचा मॅरो घालत नाहीत, पेशंटच्याच मूळ पेशी काढून ठेवतात, केमो देऊन जुनी इम्युनिटी पुसतात आणि त्या परत देतात. २०१९ मध्ये छापून आलेल्या ११० पेशंटच्या ट्रायलमध्ये हा उपचार मिळालेल्यांपैकी ३ जणांचा आजार वाढला, औषधांच्या गटात ३४ जणांचा. आकडे भारी आहेत, पण ते वारंवार अटॅक येणारे पेशंट होते, आणि मेलेली नस यानं परत येत नाही. शिवाय इन्फेक्शनचा धोका असतो आणि केमोमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, ताईचं वय बघता हे तिच्याशी आधी मोकळेपणाने बोला, तिच्या मनात काय आहे ते तिलाच विचारा. पैसे घेऊन नुसतं "स्टेमसेल इंजेक्शन" देणाऱ्यांकडे मात्र अजिबात जाऊ नका, तो हा उपचार नाही.

न्यूरोलॉजिस्टना विचारा की सध्याच्या औषधावर अटॅक येतात का, एमआरआयमध्ये नवे डाग आहेत का. आणि मे महिन्यात कूलर बंद पडला, अंग तापलं की डोळा पुन्हा धूसर होऊ शकतो, तो बहुतेक नवा अटॅक नसतो, अंग थंड झालं की उतरतो, नाही उतरला तर डॉक्टरांना फोन करा.