वादळात वारा नाही, ढग आहे

रत्नागिरीहून एका ताईंनी विचारलंय: 'मुलीनं निसर्ग चक्रीवादळावर निबंध लिहिला. त्यातलं "वादळी वारे" शाळेतल्या बाईंनी द्विरुक्ती म्हणून खोडलं. वादळ म्हणजे वात + दळ, वाऱ्यांचं सैन्य, मग पुन्हा वारे कशाला, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे का?'

साफ चूक आहे. मुलीचं वाक्य होतं तसं राहू द्या.

ही 'वात + दळ' व्युत्पत्ती इतक्या ठिकाणी इतक्या ठामपणे सांगितली जाते की एकदा तिचा निकाल लावलाच पाहिजे. ऐकायला ती छान वाटते, पण मराठीच्या उच्चारनियमांत बसत नाही. आपल्या प्राकृतात दोन स्वरांच्या मधला 'त' गळतो, आणि तसाच 'द' सुद्धा गळतो. 'वात'चं 'वा' होतं, 'वावटळ'मध्ये ते आजही ऐकू येतं. 'वातदल' असा शब्द असताच तर त्यातले त आणि द दोन्ही झिजून गेले असते, आपल्या हाती 'वादळ' लागलंच नसतं. मराठीत द शाबूत राहायचा तर मागे जोडाक्षर हवं. आणि ते आहे: प्राकृत 'वद्दल'. सप्त, सत्त, सात या वाटेनं वद्दलचं वादळ झालं. शेवटच्या ल चा ळ झाला तो 'फल'चं 'फळ' झालं त्या चालीवर. आता या वद्दलचा अर्थ बघा. ढग! पालीत 'वद्दलिका' म्हणजे पावसाळी हवा. संस्कृत कोशांत 'वार्दल' म्हणजे दुर्दिन, आणि दुर्दिन म्हणजे काय ते अमरकोश सांगतो: 'मेघच्छन्नेऽह्नि दुर्दिनम्', ढगांनी झाकलेला दिवस. वारा कुठेही नाही. हिंदीतला 'बादल' याच घरचा, आणि गुजरातीत तर 'वादळ' हाच शब्द आजही निव्वळ ढगाला वापरतात.

म्हणून 'वादळवारा' हा जोडशब्द मला फार आवडतो. ढग आणि वारा, दोघं शेजारी उभे आहेत, कुणी कुणाची पुनरुक्ती करत नाही. वादळी वारे म्हणजे मुळात ढगाळलेल्या आभाळाबरोबर येणारे वारे.

मग ढगाचं तुफान कसं झालं? माझं मत असं की मराठीत ढगाची जागा आधीच भरलेली होती: ढग, आभाळ, मळभ. वादळ मोकळं पडलं आणि ढगापाठोपाठ जे येतं त्याच्याकडे सरकलं. यावर कुणी म्हणेल, समुद्र काय फक्त कोकणालाच आहे? सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरही आभाळ काळं होऊनच वारा येतो, मग तिथे शब्द का सरकला नाही? कारण तिथे तुफानाला स्वतःचा भक्कम शब्द आहे, 'वावाझोडुं'. त्यात 'वा' म्हणजे वारा उघड बसलेला आहे. 2021 च्या मे महिन्यात आपण ज्याला तौक्ते चक्रीवादळ म्हणत होतो, त्यालाच गुजराती माणूस वावाझोडुं म्हणत होता. शब्दात वारा हवाच असेल त्यांनी तिकडे जावं, आमच्या वादळात तो कोंबू नये.

'चक्री' मात्र अचूक आहे. सायक्लोन हा शब्द कोलकात्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी 1840 च्या दशकात घडवला, नागाच्या वेटोळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून. त्याच्या मुळाशी असलेलं 'क्यूक्लोस' आणि आपलं 'चक्र' ही सख्खी भावंडं आहेत. इतका नेमका शब्द हाताशी असताना वाहिन्यांवर हिंदीतून उचललेला 'चक्रवात' कशाला, हे मला कळत नाही.

पण वाहिन्यांचा याहून मोठा अपराध वेगळाच आहे. वादळ कुठलंही असो, पट्टी ठरलेली: 'समुद्राला उधाण'. उधाण म्हणजे मोठ्या लाटा नव्हेत. उधाण तिथीवर येतं. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, भरती खूप वर चढते आणि ओहोटीही खोल जाते, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी तो भांग. (भांग म्हणजे भंग, उधाणाचा जोर मोडलेला, असं मी समजतो. केसांतला भांगही त्यातलाच असावा.) वादळात पाणी वर येतं ते वाऱ्याच्या रेट्यानं आणि हवेचा दाब उतरल्यानं, त्याला फुगवटा म्हणा. या दोन गोष्टी एकत्र आल्या तर किनाऱ्यावरच्या घरांची धडगत नसते, आणि म्हणूनच त्यांना वेगळे शब्द हवेत.

तौक्ते मुंबईजवळून गेलं 17 मे 2021 ला. त्या दिवशी वैशाख शुद्ध पंचमी, अमावास्येचं उधाण ओसरून पाणी भांगाकडे चाललेलं. निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं 3 जून 2020 ला, ज्येष्ठ शुद्ध द्वादशीला. वटपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे पाणी रोज चढत होतं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या त्या दुपारी वाऱ्यानं झोपवल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. पण होडी वर किती ओढायची, दोर कुठल्या माडाला बांधायचा, हे ठरवणारा माणूस वाऱ्याइतकीच तिथीही बघतो. त्याला पंचमीलाही उधाण आणि द्वादशीलाही उधाण सांगितलंत, तर त्या शब्दातून त्याला काय कळणार? पंचमी-अष्टमीच्या वादळात 'समुद्र खवळला' म्हणा, 'पाणी फुगलं' म्हणा. उधाण पंचांगात असेल तेव्हाच बातमीत येऊ द्या.