ब्लॉकचेनवर हिस्सा मिळेल, पण आधी कागदावर काय लिहिलंय?

प्रश्न: खानापूर तालुक्यातली आमची चौघांची गोंधळी पार्टी आहे. मी गातो, भाऊ संबळ वाजवतो, चुलते तुणतुण्यावर, चुलतभाऊ झांजेवर. 2024 साली बेळगावातल्या एका स्टुडिओने आमच्या यल्लम्माच्या गोंधळाचा व्हिडिओ केला. चौघांत मिळून 8,000 रुपये रोख दिले, कागद काही झाला नाही. आता ते म्हणतात, 'गाणं ब्लॉकचेनवर टाकतो, तुमचा हिस्सा आपोआप पडेल.' त्यासाठी 11 पानी इंग्रजी करार आलाय: सर्व हक्क, सर्व माध्यमं, जगभर, कायमचे. सही करावी का?

उत्तर: आहे तशी सही करू नका. चौघांपैकी एकानेही नाही.

शब्द आणि चाल पारंपरिक आहेत, त्यात तुमचं काय, असं तुम्हाला सांगितलं जाईल. ऐकू नका. कॉपीराइट कायदा 1957 मध्ये गाण्याचा हक्क वेगळा आणि सादर करणाऱ्याचा वेगळा. कलम 38 आणि 38अ प्रमाणे गाणारा आणि वाजवणारा असे चौघेही 'सादरकर्ते' आहात, आणि हा हक्क 50 वर्षं टिकतो. रेकॉर्डिंगवर निर्मात्याचा हक्क असतो हे खरं, पण त्यामुळे तुमचा बुडत नाही. व्हिडिओ कायद्याच्या भाषेत चित्रपटच. त्यासाठी लेखी संमती दिली की निर्मात्याच्या वापराला सहसा हरकत घेता येत नाही. तरीही व्यापारी वापरावर रॉयल्टी मागता येते. तुम्ही लेखी काहीच दिलेलं नाही, म्हणून आज तुमची बाजू भक्कम आहे. ही सही ती बाजू घालवेल.

आता ब्लॉकचेनचं, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या, मागून गुपचूप बदलता न येणाऱ्या नोंदवहीचं. त्याचा उपयोग खराच आहे, विशेषतः तुमच्यासारख्या चार जणांच्या पार्टीला. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, वाटा एकदा लिहिला, समजा गायक 40 आणि बाकी तिघे 20-20, की आलेली रक्कम त्याच प्रमाणात फुटते आणि नोंद कुणालाही तपासता येते. पण यूट्यूबचे पैसे रुपयांत चॅनलमालकाच्या बँक खात्यात पडतात. तिथून स्टुडिओने पुढे टाकले तरच ब्लॉकचेनला कळतं. लाख आले आणि 10,000 टाकले, तर ते 10,000 अगदी प्रामाणिकपणे वाटले जातील. म्हणून करारात दर महिन्याचं चॅनलचं उत्पन्नपत्रक आणि हिशेब तपासण्याचा हक्क हवाच. 'निव्वळ उत्पन्न' हा शब्द दिसला तर कोणते खर्च वजा होणार आणि जास्तीत जास्त किती, ते आकड्यात लिहून घ्या. वाटा बदलण्याचा अधिकार फक्त स्टुडिओच्या वॉलेटला, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या खात्याला असेल, तर ते 40-20-20-20 उद्या काहीही होऊ शकतं. बदलाला चौघांची मंजुरी लागेल, अशी अट टाका.

वॉलेट स्टुडिओ उघडून देणार असेल तर नको म्हणा. वॉलेट उघडणारी 12 किंवा 24 शब्दांची गुप्त यादी ज्याच्याकडे, पैसे त्याचे. आणि ती हरवली तर कोर्टसुद्धा आणून देऊ शकत नाही. चुलत्यांचं वय झालं असेल तर त्यांचा हिस्सा रुपयांत थेट बँकेत घ्या आणि पुढे वारस कोण, त्याचं नावही करारात घाला. रुपयांऐवजी टोकन, म्हणजे ब्लॉकचेनवरची डिजिटल नाणी, घेतले तर ते विकताना नफ्यावर 30 टक्के कर, वर सेस, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही.

वॉलेटने केलेली सही कायद्याने हक्क सोपवण्याची सही म्हणून धरू नका. कलम 19 ला लेखी आणि सही केलेला दस्त लागतो: कोणती कला, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, किती मोबदला. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर भारत. तुमच्या करारात 'कायमचे' आणि 'जगभर' आहे, तिथेच दोन्ही संरक्षणं गळून पडतात. मुदत 5 वर्षं लिहा. 'पुढे येणारी सर्व माध्यमं' हे खोडा. आवाजाची एआय नक्कल आणि टोकनविक्री यांना वेगळी लेखी परवानगी, असं घाला. आणि मराठी तर्जुमा जोडून घ्या, फरक निघाला तर कोणता मजकूर अंतिम हेही त्यातच लिहा.

पुराव्यासाठी एक काम आजच करा. मूळ व्हिडिओ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या, व्हॉट्सॲपवर नको. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबतो, त्यामुळे फाइलचा हॅश, म्हणजे तिचा 64 अक्षरांचा ठसा, पूर्ण बदलतो. संगणकावर मूळ फाइलचा एसएचए-256 हॅश काढा आणि ओपनटाइमस्टॅम्प्स या सेवेने बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवर वेळेचा शिक्का घ्या. मोफत आहे. त्यातून मिळणारी छोटी फाइलही मूळ फाइलबरोबर जपून ठेवा. ही फाइल त्या दिवशी होती एवढंच त्यातून सिद्ध होतं, गायलं कुणी ते नाही. म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवसाचे फोटो, पैसे देतानाचे मेसेज आणि व्हिडिओखालची श्रेयनावं यांची छायाचित्रं घ्या. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 63 चं दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. त्यात हॅश लिहायचा असतो आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

स्टुडिओला चौघांच्या सह्यांचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा: आजवरच्या उत्पन्नाचा हिशेब द्या, आणि करार होईपर्यंत नव्या वापराला आमची संमती नाही. 15 दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर दावा बेळगावच्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 प्रमाणे तुम्ही राहता तिथलं न्यायालय चालतं. दावा 3 लाख किंवा वर असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थी करावी लागेल. हक्कभंगापासून 3 वर्षांची मुदत धरून चाला, उगाच वाट बघू नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. मर्यादेत बसलात तर वकील मोफत मिळतो.